सीरमचा घोडा

२००३ साली सार्समधून बरा होऊन मी इकडं परदेशात, तोआ पायोहच्या फ्लॅटवर परत आलो आणि एकदम व्हीआयपी झालो. लिफ्टमध्ये शिरलो की आतले सगळे बाहेर. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, नुसतं खाकरलं की अख्खा बाक आपला! पहिला आठवडा धमाल केली. मग घर खायला उठलं. अनघा, म्हणजे बायको, पुण्यात. सासूबाई तिला सोडेनात. कुणीतरी येऊन शेजारी बसावं, एवढंच हवं होतं.

खालच्या मजल्यावरच्या नीतावहिनी दारात डबा ठेवून, बेल वाजवून पळायच्या. रिकामा डबा परत करायचा नाही ही आपली रीत, म्हणून मी शंकरपाळे भरून दिले. दुसऱ्या दिवशी भाजी प्लॅस्टिकच्या डब्यात.

"भावजी, हा टाकून द्या हं!" जिन्यातूनच ओरडल्या.

शंकरपाळ्यांचं काय केलं, ते विचारलं नाही.

त्याच दुपारी हॉस्पिटलचा फोन आला. बऱ्या झालेल्या पेशंटचं रक्त अभ्यासाला हवंय, द्याल का? मी इथंच राहणाऱ्या निशिकांतकाकांना फोन लावला. उभी हयात लॅबमध्ये घालवलेला माणूस.

"दे की," काका म्हणाले. "पूर्वी न्यूमोनियाला हाच उपाय. घोड्याला मेलेले जंतू टोचायचे, हळूहळू डोस वाढवत. मग त्याच्या रक्तातलं सीरम काढून पेशंटला द्यायचं."

"म्हणजे मी घोडा?"

"गाढव म्हणणार होतो. पण ऐक, जंतूंच्या जाती वेगवेगळ्या. आधी पेशंटची थुंकी उंदराला टोचून जात ओळखायची. एका जातीचं सीरम दुसरीला चालायचं नाही."

"तिथंही पत्रिका जुळवायची!"

काका खो खो हसले. "जुळली तर माणूस वाचायचा रे. कधी अंगावर पित्त उठायचं, सांधे धरायचे, पण वाचायचा."

"आणि घोड्यांचं काय झालं?"

"पुढं गोळ्या निघाल्या. मग घोड्यांना कोण विचारतंय?"

"काका, चहाला या ना. बाकीचं इथं सांगा."



"सत्तरी उलटली रे माझी," काका म्हणाले. "फोनवर सांगतो की."

एवढं सगळं ठाऊक असलेला माणूस! मी म्हटलं, "बरं काका," आणि फोनवर खिंकाळून दाखवलं.

हॉस्पिटलात रक्त घ्यायला एक चिनी नर्स होती. मास्क, गाऊन, ग्लोव्ह्ज, नुसते डोळे दिसत होते. तिनं माझा दंड धरला, शीर चाचपली. किती दिवसांनी कुणाचा तरी हात लागला. रक्त पटकन निघालं, तिनं कापूस दाबला.

"ओके अंकल, कॅन गो."

"चक्कर येतेय," मी ठोकून दिलं.

तिनं स्टूल ओढलं, माझं मनगट धरून नाडी बघत बसली. नाडी ठणठणीत; तिला कळलंच असणार.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "स्टिल गिडी, अंकल?"

"लिट्ल बिट, लाह," मी इथल्या लोकांच्या थाटात म्हटलं.

तिनं घड्याळाकडं पाहिलं. मनगट सोडलं नाही.