आईच्या लाल पेनातले डॉक्टर

आई वाईला शिक्षिका होती आणि डॉक्टरांनाही गुण द्यायची. सोळाव्या वर्षी मला फिट येऊ लागल्या, तेव्हापासून माझ्या फाइलच्या मागच्या पानावर तिचे लाल शेरे आहेत. 'लग्न झालं की थांबेल म्हणाले. शून्य.' 'मूल विसरा म्हणाले. दोन, तेही खुर्ची दिली म्हणून.' 'दिवस गेले की गोळ्या लगेच बंद करा म्हणाले. शून्य. पुन्हा परीक्षेस बसू नये.'

मार्चमध्ये आई गेली. मला मूल हवं होतं, आणि कुणाचं ऐकायचं हे सांगणारी राहिली नव्हती. जूनमध्ये पलूसहून सांगलीच्या नव्या डॉक्टरांकडे निघाले, तर माझ्या सासूबाई आक्काताई फाइल छातीशी धरून एसटीत आधीच बसलेल्या.

दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीत शिरताच त्या म्हणाल्या, "आवं डॉक्टर, आमाला मूल पायजे."

डॉक्टरांनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "मावशी, तुम्हाला?"

"मला कशाला? माझी चार झाली."

मला हसू फुटलं. आई गेल्यानंतरचं पहिलंच, आणि ते थांबेना. फिट आली समजून डॉक्टर खुर्ची ढकलून धावले.

"हसतीया ती. बसा तुमी," म्हणत आक्काताईंनी फाइल उलटी करून त्यांच्यापुढं सरकवली.

ते पान वाचून डॉक्टर ताठ बसले. "तुमची सध्याची फिटची गोळी बाळाला बाधू शकते. पण एकदम सोडायची नाही, हळूहळू बदलायची. बदल पुरा होईतो दिवस जाऊ द्यायचे नाहीत. फॉलिक अ‍ॅसिड आजपासून."

"आन् अंगावर पाजायचं?"

डॉक्टरांनी फाइलवरून मान वर केली. "बहुतेक चालेल. पण नव्या गोळीचं मला नक्की ठाऊक नाही. माझ्या कॉलेजच्या सरांना विचारतो."

त्यांनी तिथंच फोन लावला. पलीकडून आवाज आला, "चालतं. कोण विचारतंय?"

"परीक्षक आलेत, सर."

मी पुन्हा हसले; या वेळी डोळेही पुसावे लागले. आक्काताईंनी पिशवीतून आईचं लाल पेन काढलं. ते त्यांच्याकडे कधी गेलं, मला ठाऊक नाही.

"लिव की. बाई न्हाईत म्हणून पेपर तपासायचा ऱ्हातो व्हय?"

'ठाऊक नाही' म्हणणारा डॉक्टर आईला उभ्या जन्मात भेटला नव्हता. मी लिहिलं, 'दहापैकी नऊ.'

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "एक कुठं गेला?"

"त्यो बारशाला," आक्काताई म्हणाल्या.