दार हातभर अरुंद होतं

मी एक जुना, बुटका ट्रॅक्टर आहे. मित्रांनो, हल्ली मी शेडच्या मागे उभा असतो. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे, पण प्रयत्न करतो.

मला निवडलं ते या घरच्या थोरल्या लेकीने, ताईने. त्यांची फळबाग डोंगराच्या उतारावर होती. तिथेच आधीचा उंच ट्रॅक्टर उलटला आणि तिच्या बाबांचा पाय कायमचा अधू झाला. म्हणून दुकानात ती माझा रंग बघत नव्हती. वाकून माझ्या पोटाखालची उंची वितीने मोजत होती.

"हे काय खेळणं घेतेस?" धाकटा भाऊ म्हणाला. "लोक हसतील."

"हसू देत. बसका आहे, चाकं एकमेकांपासून लांब आहेत, डोक्यावर लोखंडी दांडा आहे. हा सहजी उलटायचा नाही."

बाबा काठीवर रेलून म्हणाले, "अरे, उंचावर बसायची हौस तुझ्या वाटचीही मीच फेडली आहे."

सात वर्षं मी त्या उतारावर गवत कापलं, फळांच्या पेट्या खाली आणल्या. एकदाही माझं चाक उचललं गेलं नाही. बाबा मला 'शहाणं वासरू' म्हणायचे.

मग ताई नोकरीसाठी दूर गेली. शेडचं दार माझ्यापेक्षा हातभर अरुंद, त्यामुळे मी बाहेर ताडपत्रीखाली राहायचो. रोज ती ताडपत्री बांधायचा भावाला कंटाळा. एका दुपारी त्याने माझी मागची चाकं काढली आणि उलटी फिरवून जवळ जवळ बसवली. मी शेडमध्ये मावलो. खोटं कशाला बोलू, डोक्यावर छप्पर आलं म्हणून मलाही बरं वाटलं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. फोन स्पीकरवर लावून माझ्या बॉनेटवरच ठेवलेला होता.

"चाकं रुंद अंतरावरच आहेत ना रे?"

"हो गं बाई, रुंदच आहेत. किती वेळा विचारशील?"

चौथ्या दिवशी भाऊ मला बागेच्या वरच्या पट्टीत आडवं वळवत असताना माझं एक चाक जमिनीपासून सुटलं. मला तोल सावरता आला नाही, मी उलटलो. डोक्यावरच्या दांड्याने आणि कमरेच्या पट्ट्याने त्याला वाचवलं. हात तेवढा मोडला. जमलेल्या लोकांना तो म्हणाला, "या खेळण्याने दगा दिला."

ताई धावत आली. तिने वितीने माझ्या चाकांमधलं अंतर मोजलं आणि भावाकडे पाहिलं. तो गळ्यात बांधलेल्या हाताकडे बघत राहिला. तिला सगळं कळलं होतं. ती आता बोलेल, मग बोलेल, अशी मी वाट पाहिली. ती बोलली नाही.

पुढच्या महिन्यात माझी रवानगी शेडच्या मागे झाली आणि नवा ट्रॅक्टर आला, माझ्यासारखाच बसका आणि रुंद. त्याच्यासाठी शेडचं दार रुंद करायला मिस्त्रीला बोलावलं. त्याने पत्रा कापला, चौकट हातभर सरकवली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत हात धुऊन मोकळा झाला.

मित्रांनो, कुणाला पारखून घरी आणलंत, तर जागेत मावावं म्हणून त्याला अरुंद करू नका. आधी दाराकडे बघा. अर्ध्या दिवसाचंच काम होतं ते.