दोन बोटांची पकड

माझ्या दुकानातलं खिळे ठोकायचं हत्यार विकत घेताना प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, की पकड अशी का? मी सांगते, अशीच आहे, घ्यायचं तर घ्या. गिऱ्हाइकाशी असं बोलू नये हे मलाही कळतं. पण पकडीचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं, आणि ज्याच्यामुळे फिरायचं तो माणूस रोज सकाळी समोरच्या वखारीत चहा पीत उभा असायचा.

कुंपणाची तार खांबाला बसवायला यू-खिळा लागतो, दोन पायांचा. नव्या, मऊ लाकडात तो कुणीही ठोकेल. पण आमच्याकडे येतात ते खांब जुने, वाळून दगड झालेले. त्यात हलक्या हातोडीने मारलं तर खिळ्याचे पाय फाकतात, आणि जड हातोडा पेलायला दोन्ही हात लागतात, मग खिळा धरणार कोण? म्हणून या कामात जोड्या असायच्या. एक धरणारा, एक मारणारा. आणि सगळ्या जोड्यांचा नियम एकच. धरणाऱ्याने खिळा खांबावर टेकवायचा, बोटं स्थिर करायची आणि म्हणायचं, "हं." तो हं आल्याशिवाय हातोडा खाली येत नाही. आणि आल्यावर थांबत नाही.

माझा दादा धरणारा होता. त्याच्यासोबत मारणारा जो होता त्याला सगळे एकफटक्या म्हणत, कारण तो एका फटक्यात खिळा बसवायचा. बसवायचा हे खरं आहे, उगाच नाव ठेवणार नाही. पण त्या एका फटक्याची त्याला भारी मिजास. बघायला चार माणसं असली की अंगात यायचं. आमच्या घरी तो जेवून-खाऊन असायचा. मी त्याला लहानपणापासून अरे-तुरे करत आले होते आणि वहिनीच्या हातची भाजी आवडली नाही तर तो तोंडावर सांगायचा, इतका घरचा.

त्या दिवशी जमीनमालक आपले पाहुणे घेऊन कुंपण बघायला आला होता. दादा खिळा टेकवून तो जरा तिरका करत होता, कारण दोन्ही पाय लाकडाच्या एकाच रेषेत गेले तर खांब चिरतो. एकफटक्या पाहुण्यांकडे बघून काहीतरी बोलत होता. बोलता बोलताच त्याने हातोडा खाली आणला. दादाच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली. उरला अंगठा आणि उरली करंगळी.

बोटं गेली ते मी कदाचित गिळलं असतं. या धंद्यात हातपाय जातात, माणसाकडून चूक होते. पण दादा दवाखान्यात असतानाच या गृहस्थाने वखारीत येऊन सांगितलं, "तो हं म्हणाला, आणि मग हात हलवला."

धरणाऱ्याबद्दल याहून वाईट बोलता येत नाही. ज्याचा हं खोटा, त्याच्यासमोर हातोडा कोण उचलणार? दादा बरा होऊन वखारीत गेला तेव्हा त्याने एकदाच सांगितलं, की मी हं म्हणालोच नव्हतो. कुणीतरी हसत विचारलं, मग त्याने मारला कसा? दादा तसाच मागे वळला. तो घरी आला आणि पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. एवढंच नाही, त्याने हं म्हणणंच सोडलं. घरात कुणी काही सांगत असलं की तो नुसती मान हलवायचा. त्याची मुलगी शाळेतली गोष्ट सांगता सांगता थांबायची आणि म्हणायची, बाबा, ऐकताय ना? वहिनी भांडी आपटत आत जायची. मी मात्र तिथेच बसून दातओठ खायची.

माझं वेल्डिंगचं दुकान आहे. फाटकं, जाळ्या, जिने, काय हवं ते करते. दादासाठी काय करता येईल याचा विचार करत करत मी ते हत्यार बनवलं. एक जाड पाइप, कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा. खालच्या तोंडाला यू-खिळा बरोबर बसेल अशी खाच, आणि तो पडू नये म्हणून आत एक लोहचुंबक. पाइपच्या आत भरीव दांडा, त्याला वर जड मूठ. डाव्या हाताने पाइप खांबावर टेकवायचा, उजव्याने मूठ वर ओढायची आणि दाणकन खाली सोडायची. चार-पाच ठोक्यांत खिळा आत. खाच दोन्ही बाजूंनी आवळून असल्यामुळे पाय फाकत नाहीत. शेवटी दांडा एका कडीवर अडतो, त्यामुळे खिळा पार आत घुसून तारेला चिमटत नाही, तार ओढायला जागा राहते. धरणारा नको, मारणारा नको. एक माणूस पुरे.

आणि पकड दादाच्या हाताच्या मापाची. पाइपच्या वरच्या टोकापाशी दोन बाजूंना दोन आकडे, एक अंगठ्याला आणि एक करंगळीला. दादाने ते पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा बराच वेळ त्या आकड्यांवरून अंगठा फिरवत राहिला. मग मागच्या अंगणात जाऊन एका ओंडक्यात खिळे ठोकत बसला. वहिनीने दारातून पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं होतं मीही रडेन, पण मला फक्त एकफटक्याचं तोंड आठवत होतं.

दादा एकटा काम करायला लागला. ठेकेदारांनी बघितलं की हा दोन माणसांचं काम एकटा करतो, शिवाय बोटं शाबूत राहतात. मग एकेक जण दुकानात यायला लागला. पाच बोटांची माणसं ती, त्यांना पकड विचित्र वाटायची. मधली बोटं पसरली तर ती पाइपच्या वरच्या तोंडावर येतात आणि वरून येणाऱ्या मुठीखाली सापडतात. ती तळव्यात मिटूनच घ्यावी लागतात. लोक म्हणाले, साधी पकड करून दे की. मी म्हटलं, नाही. ज्यांनी माझ्या भावाला हसून घरी पाठवलं त्यांनी आता त्याच्यासारखा हात करून खिळे ठोकावेत, असं मला वाटत होतं आणि ते वाटण्यात मला काही गैर दिसत नव्हतं. कुरकुर करत सगळ्यांनी घेतलं, आणि सगळ्यांना सवयही झाली.

एकफटक्याला मात्र मी ते दिलं नाही. त्याने दुसऱ्याकरवी मागवून पाहिलं, मी ओळखलं. मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की जो त्याला हे वापरायला देईल त्याने दुरुस्तीला माझ्या दारात येऊ नये. कठीण लाकडात ते तोंड झिजतं, मधूनमधून तापवून, पाणी देऊन ते पुन्हा कडक करावं लागतं, आणि ते काम माझ्याशिवाय कुणाला जमत नाही. एकफटक्याने गावाबाहेरच्या एका कारागिराकडून नक्कल करून घेतली. तिचं तोंड पहिल्याच खांबावर वाकडं झालं. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

हळूहळू जोड्या मोडल्या. त्याच्यासमोर बोटं ठेवायला कुणी तयार होईना. कशाला होईल, हत्यार असताना? आपला तो प्रचंड हातोडा खांद्यावर टाकून तो वखारीत यायचा आणि तसाच परत जायचा. दादा मला म्हणायचा, "जाऊ दे गं, दे त्याला एक. त्यालाही पोट आहे." मी म्हणायची, तू संत आहेस, मी नाही.

शेवटी ठेकेदाराने त्याला स्पष्ट सांगितलं, की हत्यार आण, नाहीतर येऊ नकोस. त्याच सकाळी तो रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आला. हातोडा खांद्यावरच होता. दादा मागच्या बाजूला कानशीने एका नव्या पाइपचं तोंड घासत होता. एकफटक्याने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि मला म्हणाला, तू म्हणशील ते देतो.

मी त्याला अहो-जाहो केलं. परक्या माणसाशी आम्ही तसंच बोलतो.

"पैसे नकोत," मी म्हटलं. "वखारीत चला. सगळ्यांसमोर माझ्यासाठी एक खिळा धरा. तुमच्याच हातोड्याने मी मारते. मग हत्यार तुमचं."

त्याचा चेहरा उतरला. तो वळला आणि चालायला लागला, वखारीच्या दिशेने. गरज माणसाला कुठे कुठे नेते. मी एक नवं हत्यार उचलून दादाच्या हातात दिलं आणि म्हटलं, तूही चल. मला वाटलं तो नाही म्हणेल. तो उठला, हात पुसले आणि निघाला.

वखारीत खांब आणि तारेची भेंडोळी घ्यायला सगळे जमलेले होते. हेच लोक, हीच जागा. मी सर्वांत वाळलेला खांब निवडला. एकफटक्या गुडघ्यावर बसला, डाव्या हाताने खिळा टेकवला. मी त्याचा हातोडा उचलला. लोखंड उचलण्यात माझा जन्म गेला आहे, मला तो जड नव्हता. चहाचे पेले हातात घेऊन लोक जवळ आले.

"म्हणा हं," मी म्हटलं.

तो म्हणेना. त्याचा खिळा खांबावर टकटक वाजत होता. मी हातोडा डोक्यावर धरून उभी. खरं सांगते, खिळ्याकडे मी बघतच नव्हते. मी त्याच्या मधल्या तीन बोटांकडे बघत होते.

"म्हणा की. एवढंसं तर आहे. माझा दादा म्हणाला होता ना?"

"नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, मागे ऐकू गेलं नाही.

"तो हं म्हणालाच नव्हता." आता त्याचा आवाज मोठा झाला. "तो खिळा फिरवत होता. माझं लक्ष नव्हतं. मी मारला, आणि नंतर खोटं बोललो. त्याने हात हलवला नव्हता."

ज्याने तेव्हा हसून प्रश्न विचारला होता तो आपल्या चपलांकडे बघत होता. एवढंच ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं जळत होते, आणि ते मिळालं होतं. आता हातोडा खाली ठेवायचा होता. पण राग काही उतरेना. बोटं अजून तिथेच होती. मी म्हटलं असतं की हात निसटला, आणि कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, तो हं म्हणाला आणि मग हात हलवला.

तेवढ्यात माझ्या मागून दादा म्हणाला, "हं."

कित्येक वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. लहानपणी अंगणात दादा खिळे धरायचा आणि मी ठोकायची, तेव्हाचाच तो हं. तो आला की माझा हात खाली येतो आणि खिळ्यावरच पडतो, दुसरीकडे कुठे पडूच शकत नाही. हातोडा आला. एकफटक्या डोळे मिटून किंचाळला, अगदी पोटातून. खिळा एका फटक्यात बसला होता.

त्याने डोळे उघडले आणि हात वर करून बघितला. सगळी बोटं जागच्या जागी होती. तो ती उलटीसुलटी करून बघत राहिला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. मला वाटलं, झालं, आता दादा त्याला उठवेल, पाठीवर हात ठेवेल, जाऊ दे म्हणेल. आमच्या घरात राग एकटी मीच सांभाळून बसले आहे असं मी आजवर समजत होते.

दादा पुढे आला, त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि नवं हत्यार त्याच्या मांडीवर ठेवलं. मग आपल्या अंगठ्याने आणि करंगळीने त्याचा डावा हात धरला, पकडीपाशी नेला, अंगठा एका आकड्यात अडकवला, करंगळी दुसऱ्यात. एकफटक्याची मधली बोटं ताठ उभीच होती. दादाने ती एकेक करून खाली वाकवली.

"ही तीन मिटून ठेवायची," तो शांतपणे म्हणाला. "रोज. यांचं आता काही काम नाही."