आईसाठी ठेवलेलं हसू

तीस वर्षं ताई दुसऱ्यांच्या मागं कोरसात उभी राहून गायली, तेव्हा कुठं पन्नाशीत तिची स्वतःची आठ गाणी रेकॉर्ड झाली. रेकॉर्डिंगला बसला होता धाकटा भाऊ. कानाचा इतका तिखट, की बाहेर कुणी खुर्ची सरकवली तरी "पुन्हा!" म्हणून काच ठोकायचा. ताई वैतागायची, "मेल्या, मला श्वास तरी घेऊ दे!"

शेवटचं गाणं संपलं आणि ती माईकसमोरच हसून म्हणाली, "झालं गं बाई!" लहानपणी आई गाणं शिकवायची, तेव्हा उठायची घाई झाली की ताई हेच म्हणायची. धाकट्यानं ते हसू कापलं. गाणी काढणाऱ्या कंपनीला गेलेल्या एकाही प्रतीत ते नव्हतं.

पण आई अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर म्हणाले होते, महिन्याचा भरवसा नाही. आणि गाणी बाहेर यायला अजून दोन महिने! मग धाकट्यानं हसू तसंच ठेवून एक प्रत केली आणि आईच्या फोनमध्ये घालून दिली.

"एकटीच ऐक हं. कुणाला देऊ नकोस."

"नाही रे बाबा," आई म्हणाली. आता आईच ती. लेकीचं कौतुक तिच्या पोटात राहतंय होय?

दहाव्या दिवशी आठही गाणी इंटरनेटवर. फुकट. लाखभर लोकांनी डाउनलोडही केली. कंपनीच्या मालकानं दोघा भावंडांना बोलावलं. त्याचा संशय साथीच्या व्हायोलिनवाल्यावर, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यानं शेवटचं गाणं लावलं. गाणं संपलं आणि स्पीकरमधून ताई हसली, "झालं गं बाई!"

धाकट्यानं ओळखलं, ही आईच्या फोनमधली प्रत.

"हे तर आमच्या प्रतीत नाही," मालक म्हणाला.

"मीच चढवली," धाकटा म्हणाला. "चुकून."

"जे घरोघरी फुकट पोचलं, ते मी आता विकायला काय काढू? विषय संपला," मालक म्हणाला.

जिन्यात ताई थांबली. "परक्यानं केलं असतं तर गिळलं असतं रे. पण तू?" खरं काय ते त्याच्या जिभेवर आलं होतं. पण आईचे दिवस किती उरलेत, ते त्याला ठाऊक होतं. तो जिना उतरू लागला. ताई त्या दिवसापासून त्याच्याशी बोलली नाही.

रविवारी दोघं आईच्या दारात समोरासमोर आले. ताईनं तोंड फिरवलं आणि ती आत गेली, मागोमाग धाकटाही. तिला बघताच आईचा चेहरा असा फुलला, की काय सांगावं!

"अगं, धाकट्यानं मला दिलेली तुझी गाणी शेजारणीकडून मीच नेटवर टाकून घेतली! म्हटलं, किती वर्षं पोरीनं मागं उभं राहायचं? एकदा जगाला कळू दे. धाकट्या, तू ओरडू नकोस हं मला."

ताईनं वळून भावाकडं पाहिलं. तो खाली मान घालून आईची उशी सरळ करत होता. तिचे डोळे भरून आले. तिनं नुसता त्याच्या दंडावर हात ठेवला.

"आवडलं ना लोकांना?" आईनं विचारलं.

"खूप आवडलं, आई."

"मग पुढची गाणी कधी?"

ताईनं आईच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"लवकरच," ती म्हणाली. "आधी तू बरी हो."