अर्धी गोळी

अनसाबाईंनी फडताळातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तळहातावर घेतली आणि सवयीनं अडकित्ता उचलला.

"मावशी, हे काय?" हर्षदानं विचारलं.

"म्हंजी? फोडायची न्हाई?" आणि अनसाबाईंनी सुपारी फोडावी तशी गोळी टचकन फोडली.

हर्षदा मूळची शिरूरची. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती कर्करोगाच्या गाठींवर संशोधन करत होती. छातीच्या गाठीवर दिली जाणारी ही गोळी काही बायकांना पुढं लागू पडेनाशी होते. अशा बऱ्याच गाठींत आरएनएचा एक चिमुकला रेणू फार वाढलेला सापडायचा. गोळी पेशीत जिथं जाऊन बसते, ती जागाच तो बनू देत नाही. अनसाबाईंची गाठही पुन्हा वाढली होती. तिचा तुकडा तपासला, तर हा रेणू त्यात जेमतेमच. जागा शाबूत, गोळी चालू, तरी गाठ वाढतेय. नवीनच काहीतरी असणार; आपल्या हाती घबाड लागलं, असं हर्षदाला वाटत होतं. डॉक्टर मात्र गोळी बंद करून सलाइनमधून कडक औषध देणार होते. त्याआधी रुग्णाला एकदा भेटून घ्यावं म्हणून ती जीप घेऊन कासुर्डीला आली होती.

"रोज अर्धीच घेता?"

"मग? दुसरी फोड म्हाळसाची."

म्हाळसा म्हणजे अनसाबाईंची धाकटी जाऊ. मेंढरांमागं हिंडायच्या दिवसांत दोघींची चूल एकच होती. आता शेती आली, घरं वेगळी झाली, तरी एकीकडं काही आलं की दुसरीचा वाटा आधी बाजूला निघायचा. तसा औषधाचाही निघाला. त्यात काही चुकतंय, हे दोघींच्याही मनात आलं नव्हतं.

"त्यांना कशाला ही गोळी?"

अनसाबाईंनी आवाज उतरवला. "तिलाबी गाठ हाय. माझ्यावानीच. कुनाला सांगितलं न्हाई. पोरीचं पाटसला जमलंय, कळलं तर मोडंल. लगीन झालं की दाखवू म्हनली."

हर्षदाचं घबाड जागच्या जागी गेलं. तिला आधी त्याचंच वाईट वाटलं, आणि मग तसं वाटल्याची लाज वाटली.

तेवढ्यात म्हाळसाबाईच दारात आल्या. घासाचा भारा खाली टाकला आणि परकी बाई बघून तिथंच थबकल्या.

"ये आत," अनसाबाई म्हणाल्या. "ताईंना समदं सांगितलंय."

हर्षदानं अडकित्त्याशेजारच्या दोन फोडींकडं बोट केलं.

"मावशी, औषध हरलं असं आम्ही धरून चाललो होतो. ते पुरतं पोटात गेलंच नाही. पूर्ण गोळी घेतलीत तर अजूनही लागू पडेल, असं मला वाटतं. मी डॉक्टरांना सांगते."

"आन् हिला?"

"त्यांची गाठ कसली आहे तेच माहीत नाही. आधी तपासायला हवी. आजच आल्या तर बरं."

"लग्नानंतर बगू," म्हाळसाबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही फोडी उचलल्या, जावेच्या तळहातावर ठेवल्या आणि वरून तिची बोटं मिटवली. "घ्या जाऊबाई. तुमचं तरी निभंल."

हर्षदानं पाण्याचा तांब्या पुढं केला. अनसाबाईंनी तो हातानं बाजूला सारला. मूठ तशीच आवळलेली होती.

"हिला गाडीत बसवा," त्या म्हणाल्या. "तवर मी न्हाई गिळायची."

"जाऊबाई, आवो पोरीचं..."

"पोरीला आई लागंल का नगं?"

म्हाळसाबाईंनी घासाचा भारा दारातून आत सारला आणि डोक्यावरचा पदर नीट केला. हर्षदा बाहेर गेली आणि जीपच्या मागच्या सीटवरचं सामान पुढं घेऊ लागली.