हितेंद्रभाऊंचं पोट

धुळ्यातल्या एका दैनिकात मी बारा वर्षं रोज व्यंगचित्र द्यायचो. पुढे त्यांनी पानं कमी केली, त्यात माझी चौकटही गेली. आता मी लग्नपत्रिकांवर नवरा-नवरीची आणि वाढदिवसाच्या बॅनरवर पुढाऱ्यांची गमतीदार चित्रं काढतो. हल्ली मोबाइल ती फुकटात काढून देतो. पण त्यात सगळेच पुढारी एकमेकांचे सख्खे भाऊ दिसतात, म्हणून माझं अजून चाललंय.

गेल्या आठवड्यात पारोळ्याहून एकेकाळचे पुढारी हितेंद्रभाऊ आले. त्यांची चलती होती तेव्हा मी त्यांच्या पोटाने अख्खा रस्ता अडवलेला दाखवला होता. त्या दिवशी ते दहा माणसं घेऊन आमच्या कचेरीत घुसले होते. या वेळी एकटेच होते. साठाव्या वाढदिवसाच्या बॅनरसाठी चित्र हवं होतं.

गिऱ्हाईक दुखवायचं नाही, एवढं मी आता शिकलोय. त्यांना सडपातळ काढलं, वर थोडे केसही दिले. भाऊंनी चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"मन्हं पोट कोठे गयं?"

"भाऊ, वाढदिवस आहे. चांगलं दिसायला हवं."

त्यांनी खिशातून पिवळं पडलेलं कात्रण काढलं. माझंच ते जुनं चित्र.

"धम्मपाल, हे काढलंस तेव्हा तू मला घाबरत नव्हतास."

मला रागच आला, तोही स्वतःचाच. नवा कागद घेतला आणि आधी पोट काढलं. ते चौकटीत मावलं नाही.