मुळाखाली सात होते, एक्स नव्हता

वेल्ह्याच्या त्या शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर निकालाआधी एकदा मुलांच्या हातात देतात. मुलं बेरीज तपासतात आणि पेपर परत करतात. उत्तराबद्दल कुणी बोलत नाही. माधुरीनं बेरीज बघितली. नववीच्या गणितात पास व्हायला दोन गुण कमी. तिनं पेपर परत केला नाही.

तिचा बाप नागसेन गुंजवण्यावरून टेम्पो काढतो आणि पानशेतच्या हॉटेलांना भाजी टाकतो. तिथल्या एका मालकानं भाकऱ्या थापायला मुलगी मागितली होती. पोरगी गणितात नापास झाली तर जूनपासून आणून सोडतो, असा शब्द नागसेन देऊन बसला होता. बाप वाईट नव्हता, दमलेला होता. वाईट बापांपेक्षा दमलेल्या बापांनीच जास्त पोरी शाळेतून काढल्यात.

प्रश्न असा होता: खालील राशी बहुपदी आहेत का ते कारणासह सांगा. पहिली राशी √7 x² + 3x. माधुरीनं 'आहे' लिहिलं होतं, त्यावर लाल फुली. वर्गातल्या बहुतेकांनी 'नाही' लिहून गुण घेतला होता. मूळचिन्ह दिसलं की बहुपदी नाही, ही युक्ती सगळ्यांना पाठ. गाइडात तीच, क्लासात तीच. नियम तसा नाहीच. नियम एवढाच की एक्सचा घातांक पूर्ण संख्या पाहिजे: शून्य, एक, दोन, तीन. अर्धा चालत नाही, उणे चालत नाही. एक्सच्या खांद्यावर कोण बसलंय ते बघायचं, त्याच्या शेजारी कोण राहतंय ते बघायचं नाही. पण आधी शेजार विचारून मग माणसाला पाणी देणाऱ्या मुलखात हे पोरांना शिकवणार कोण?

ती पेपर घेऊन ऑफिसात गेली. गणिताचे कुंडलिक सर गठ्ठा बांधत होते, शेजारी क्लार्क धनाजी निकालपत्रक भरत होता. सरांनी तिचं उत्तर वाचलं, परत वाचलं.

"उत्तरसूची वरून आलीय," ते म्हणाले. "तीत 'नाही' दिलंय."

"सर, मुळाखाली सात हायेत. एक्स न्हाई."

सरांना ते कळत होतं. न कळणारा माणूस आवाज चढवतो, सरांनी आवाज खाली आणला. पेपर सगळ्या शाळांना एकच आहे, आपण एकट्यानं बदललं तर विचारणा होईल, असं ते सांगत राहिले. शेवटी म्हणाले की दोनच गुणांचा प्रश्न आहे, सवलतीचे देऊन टाकतो, विषय संपव.

धनाजी मान वर न करता हसला. "घे की पोरी. तुमाला सवलत काय नवीन हाय व्हय?"

हे 'तुमाला' म्हणजे कोण, ते त्या खोलीत फोडून सांगायची गरज नव्हती. माधुरी बौद्धवस्तीतली. पहिलीपासून तिनं जे कमावलं त्याच्यावर कुणी ना कुणी हेच थुंकत आलं होतं. सवलत नको, उत्तराचा गुण द्या, असं तिनं सांगितलं.

आता सर दुखावले. दयाळू माणसाची दया परत केली की तो लगेच कडक होतो. त्यांनी त्याच प्रश्नातल्या दुसऱ्या राशीवर बोट ठेवलं: (x² + 4x) / x. इथंही माधुरीनं 'आहे' लिहिलं होतं. वरचा एक्स खालच्या एक्सनं काटला, x + 4 उरलं, झाली बहुपदी. सूचीतही तेच होतं, गुण मिळाला होता.

"एक्स शून्य धरला तर?" सरांनी विचारलं.

तिनं मनातल्या मनात शून्य घातलं. x + 4 ची किंमत आली चार. मूळ राशीत मात्र शून्यानं भागायची वेळ आली आणि उत्तरच मिळेना. म्हणजे दोन्ही एक नव्हेत. खाली छेदात बसलेला एक्स तिनं आधी काटला होता, बघितला नंतर.

"नियमच लावायचा तर हा गुण जातो," सर म्हणाले. "एक आला, एक गेला. काय उरलं तुझ्या हातात?"

माधुरीला पानशेतची चूल दिसली. धूरसुद्धा लागला डोळ्यांना. पेपर उचलून, सवलत घेऊन मुकाट निघून जाता आलं असतं.

"ह्यो चुकलाय माझा, काढा," ती म्हणाली. "आन् त्यो बरोबर हाय, त्यो द्या."

सरांनी लाल पेन उचललं. एक गुण खोडला, एक दिला. बेरीज होती तिथंच, दोन कमी. ती हलली नाही. सवलतीचे गुण कुणाकुणाला देतात, ते तिनं विचारलं. थोडक्यासाठी राहिलेल्या कुणालाही, सर म्हणाले, तसा नियमच आहे.

"मंजी गेल्या वर्षी सार्थकला दिलं तसं?"

सार्थक धनाजीचा मुलगा. धनाजीचं पेन पत्रकावर थांबलं.

"मग लिवा माझं," माधुरी त्याला म्हणाली. "दया म्हणून नगं, धनाजीकाका. नियमात हाय म्हणून लिवा."

धनाजीनं लिहिलं. सरांनी बांधलेला गठ्ठा सोडला आणि पहिल्या पेपरापासून तो प्रश्न परत तपासायला घेतला.

ती घरी पोचली तेव्हा नागसेन टेम्पोत क्रेट चढवत होता. पास झाले, ती म्हणाली. कशी काय, त्यानं विचारलं.

"दोन गुण सवलतीचे."

"पास ती पास. सवलतीचं कशाला सांगत बसतीस?"

"हाय ते सांगितलं. हॉटेलवाल्याला फोन करा, पप्पा."

"करतो की उद्या."

"आत्ता करा."

नागसेननं हातातला क्रेट खाली ठेवला आणि मोबाईल काढला. घराजवळ रेंज नसते, रस्त्याच्या वळणावर मिळते. तो निघाला. माधुरी त्याच्यामागं वळणापर्यंत चालत गेली आणि तो बोलून संपेपर्यंत तिथंच उभी राहिली.